जिंकून आला तरी बोल त्यालाच

परवा मध्यरात्र उलटल्यावर भाच्याचा मेसेज आला, "आत्या, गेला एकदाचा. १८५ वा. पिट्सबर्ग." एवढंच. मी जागीच होते, एप्रिल संपत आलाय आणि डिचोलीत आता रात्री दोन वाजेपर्यंत भिंतीसुद्धा तापलेल्या असतात, पंखा नुसता गरम वारा फिरवतो. सकाळी दादाकडे गेले तर तो परड्यात माडांना पाणी सोडत होता, त्याला सांगितलं तसा पाईप हातात धरून उभाच राहिला आणि म्हणाला, "सहाव्या फेरीत? अगो पण तो चॅम्पियन ना?" मी म्हटलं हो. मग पाईप परत आळ्यात सोडला आणि म्हणाला, "असूं दे. घेतला ना कोणीतरी."

हा तो म्हणजे विल हॉवर्ड. ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीच्या फुटबॉल टीमचा क्वार्टरबॅक, २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेतली कॉलेज फुटबॉलची नॅशनल चॅम्पियनशिप जिंकलेला, आणि तरीही वर्षभर आपल्याच लोकांकडून इतकं ऐकून घेतलेला की मला आता राहवत नाही म्हणून हे लिहायला बसलेय. आणि आता ड्राफ्ट झाल्यापासून, म्हणजे प्रोफेशनल लीगच्या टीम्सनी पाळीपाळीने कॉलेजची पोरं निवडली आणि याला पिट्सबर्गने १८५ व्या नंबरवर घेतलं तेव्हापासून, भाच्याच्या मित्रांच्या ग्रुपवर परत तेच सुरू झालंय, बघा आम्ही म्हणत होतो ना, एवढा चांगला असता तर १८५ नंबरवर गेला असता का, जिंकले ते बाकीच्यांमुळे.

आधी थोडं समजावून सांगते कारण आमच्याकडे फुटबॉल म्हटलं की फातोर्डा आणि धुळेर, पायाने खेळायचा तो. अमेरिकेतला फुटबॉल हाताने फेकायचा, अंड्यासारखा लांबट बॉल, अकरा विरुद्ध अकरा, आणि चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाही जमलं तर बॉल समोरच्याला. आता यात जवळजवळ प्रत्येक वेळी बॉल पहिला येतो तो क्वार्टरबॅकच्या हातात. मग दोन-तीन सेकंदांत त्याने ठरवायचं, शेजारून धावणाऱ्याच्या हातात द्यायचा, लांब फेकायचा, स्वतः घेऊन पळायचं, का सरळ मैदानाबाहेर टाकून द्यायचा, आणि हे सगळं समोरून शंभर-सव्वाशे किलोची माणसं अंगावर येत असताना. फेकलेला बॉल समोरच्या टीमने झेलला की इंटरसेप्शन, आणि ते आकड्यात याच्या नावावर लागतं, मग आपल्या माणसाने चुकीचा वळसा घेतला असला तरी. हे मला भाच्याने समजावलं तेव्हा शेजारी बसलेला दादा पटकन म्हणाला, "म्हणजे हा त्यांचा गोलकीपर." भाचा म्हणाला नाही बाबा, उलट आहे, हा अटॅक करतो. दादा म्हणाला, "मी जागा नाही सांगत रे तुला, मी सांगतोय बोलणी कोणाला बसतात ते."

भाचा कोलंबसला मास्टर्स करायला गेला २०२३ च्या ऑगस्टमध्ये. तिथे शनिवारी म्हणे गावच्या जत्रेसारखं असतं, त्या स्टेडियमला घोड्याच्या नालासारखा आकार आहे आणि एक लाखावर माणूस बसतो आत. एक लाख! आमचं फातोर्डा भरलं की आपण म्हणतो अख्खं गोवा आलंय, ते एकोणीस-वीस हजार असतं. आणि हे सगळं कॉलेजच्या पोरांसाठी. पहिल्याच वर्षी त्याने बघितलं की तिथे क्वार्टरबॅकचं काय होतं. तेव्हा होता काईल मॅकॉर्ड. बारापैकी अकरा मॅच जिंकला, अकरा, आणि शेवटची मिशिगनविरुद्धची ३०-२४ अशी हरला, शेवटच्या मिनिटात त्याचा बॉल समोरच्याने झेलला. मिशिगन म्हणजे त्यांचं हाडवैर, ती एक मॅच बाकी अकरांपेक्षा मोठी. आठ-दहा दिवसांत पोरगा युनिव्हर्सिटी सोडून चालता झाला. दुसऱ्या वर्षी सिरॅक्यूजला जाऊन त्याने ४७७९ यार्ड फेकले, त्या सीझनमध्ये अख्ख्या देशात सगळ्यात जास्त. अकरा जिंकून देणारा माणूस निघून गेल्यावर कोलंबसमध्ये लोकांना बरं वाटलं होतं, हे मला भाच्याने सांगितलं तेव्हा खरंच वाटेना.

त्याच्या जागी आला हॉवर्ड. कॅन्सस स्टेटमध्ये चार वर्षं खेळून, तिथे २०२२ ला त्यांच्या कॉन्फरन्सचं, म्हणजे त्यांच्या गटातल्या युनिव्हर्सिटींच्या लीगचं, विजेतेपद मिळवून आलेला, बावीस वर्षांचा, उंचपुरा. आणि पहिल्या दिवसापासून त्याच्यावर एक शिक्का, गेम मॅनेजर. ऐकायला बरा वाटतो शब्द, पण तिकडे ती शिवीच आहे. म्हणजे टीम चांगली आहे, याने फक्त काही मोडतोड करू नये. असा शिक्का एकदा बसला ना की मग माणसाने काहीही केलं तरी ते त्याच शब्दात बसवता येतं, जिंकला तर टीमने जिंकवलं आणि याने मोडलं नाही, हरला तर बघा याने मोडलं.

मी आणि दादा पहिली मॅच नीट बघितली ती दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, पहाटे पाचला, ऑरेगनविरुद्ध. भाच्याने त्याचा फोन टीव्हीसमोर स्टँडवर लावून ठेवलेला आणि आम्ही इकडे दादाच्या मोबाईलवर, आवाज मागेपुढे व्हायचा पण दिसायचं. दारावर आदल्या दिवशीची झेंडूची तोरणं अजून ताजी होती. ती मॅच ३२-३१ ने गेली, एका गुणाने. शेवटी दहा सेकंद असताना ऑरेगनने अकराऐवजी बारा खेळाडू मैदानात ठेवले, त्यात चार सेकंद जळली, दंड झाला फक्त पाच यार्डांचा आणि वेळ काही परत मिळाला नाही. (नंतर त्या नियमातली ती पळवाट बंद केली, म्हणजे चुकीचंच होतं ना ते.) राहिली सहा सेकंद. हॉवर्ड बॉल घेऊन पळाला, पुढे गेला, खाली घसरला, आणि घड्याळ शून्यावर. एक सेकंद आधी बसला असता तर खांबांमधून किक मारून गुण घ्यायची संधी मिळाली असती. आता सांगा, अख्ख्या मॅचमध्ये तीनशेच्या वर यार्ड फेकलेले, आणि दुसऱ्या दिवसापासून सगळीकडे फक्त ती एक घसरण. भाच्याच्या लॅबमध्ये पंधरा दिवस तोच व्हिडिओ फिरत होता म्हणे.

त्यानंतरची पेन स्टेटची तर मला जास्तच लागली कारण ती जिंकली होती. पाडव्याची रात्र, साडेनऊला सुरू, घरी सगळे पाहुणे, वहिनीने पोहे केलेले तीन तऱ्हेचे, आणि आम्ही दोघं आतल्या खोलीत फोन घेऊन. हॉवर्ड मूळचा पेनसिल्व्हेनियाचाच, लहानपणी याच पेन स्टेटचा चाहता, आणि त्यांनी त्याला घेतलं नव्हतं. सुरुवातीलाच त्याने फेकलेला बॉल समोरच्याने झेलला आणि सरळ टोकाच्या रेषेपलीकडे नेऊन टचडाउन केला. मग नंतर स्वतः पळत जाऊन अगदी रेषेजवळ बॉल हातातून सुटला, तोही गेला. दादाने तेव्हा डोळेच मिटून घेतले. पण त्यानंतरही पोरगा बसला नाही, पासेस चालूच ठेवले, पळाला, शेवटची कितीतरी मिनिटं बॉल आपल्याकडे ठेवून घड्याळ संपवलं आणि २०-१३ ने जिंकून बाहेर पडले. त्यांच्या घरच्या मैदानात, एक लाखाच्या वर माणसं बोंबलत असताना. भाच्याला मी मेसेज केला, काय रे खूश ना, तर तो म्हणतो आत्या, इथे सगळे म्हणतायत हा असाच खेळला तर मिशिगनला हरणार. जिंकून तासही झाला नव्हता.

आणि हरलेच. ३० नोव्हेंबर. १३-१०. इथे मी हॉवर्डची बाजू घेणार नाही, तो वाईट खेळला, ३३ पैकी १९ पास पोचले, १७५ यार्ड, दोन इंटरसेप्शन, त्यातलं पहिलं तर आपल्याच टोकाजवळ आणि त्यावरूनच मिशिगनला टचडाउन मिळाला. मिशिगन त्या वर्षी साधी टीम होती, बारातल्या पाच मॅच हरलेली, हे घरच्या मैदानात होते, वीसेक गुणांनी जिंकतील असं सगळे धरून चाललेले. पण त्याच मॅचमध्ये किकरने दोन किक बाहेर मारल्या, कोचने परत परत मधूनच बॉल घुसवायचा प्रयत्न केला जिथे मिशिगनची सगळ्यात दांडगी माणसं उभी होती, बाहेर लांबचे पास झेलायला तो जेरेमाया स्मिथसारखा पोरगा असताना. हे सगळं मला इथून डिचोलीतून दिसत होतं तर तिथे लाख माणसांना दिसलं नसेल असं नाही. दिसलं. पण बोलताना एक चेहरा लागतो ना. दादाने ती मॅच शेवटपर्यंत बघितलीच नाही, मध्येच आमच्याकडे लाईट गेली, वायफाय गेलं, आणि परत आली तेव्हा तो झोपायला निघून गेलेला. सकाळी त्याने मला स्कोअर विचारला, मी सांगितला, मग एकच विचारलं, "पुढची मॅच आहे का त्याला?"

आता दादाचं सांगायला हवं, त्याशिवाय हे का लिहितेय ते कळणार नाही.

दादा आमच्या गावच्या टीमचा गोलकीपर होता. नव्वदीच्या दशकातली गोष्ट, आमच्या भागात तेव्हा मायनिंगचे ट्रक दिवसरात्र धावायचे, कपडे वाळत घातले तर संध्याकाळी तांबडे व्हायचे. वायंगणाचं भात कापलं की मळ्यात ग्राउंड तयार करायचे, बांधावर बसून बघायचं सगळ्यांनी. मे महिन्यातली फायनल, शेजारच्या गावाबरोबर, आणि आदल्या रात्री वळवाचा पाऊस पडून गेलेला. पहिल्या हाफमध्ये एक साधा बॉल, अगदी साधा, दादाच्या हातात आला आणि साबणासारखा निसटून पायांमधून आत. मग आमच्या दोघांनी दोन गोल केले. आणि शेवटच्या दहा मिनिटांत दादाने दोन बॉल असे अडवले, एक तर वरच्या कोपऱ्यातला, आडवा होऊन, बोटांच्या टोकांनी, की पलीकडच्या गावच्या लोकांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या. २-१ जिंकलो. ट्रॉफी वाजतगाजत देवळापर्यंत आणली.

दुसऱ्या दिवशी तिठ्यावरच्या दुकानात बोलणं काय, तर कीपराने घालवलीच होती, फॉरवर्डांनी वाचवली. रात्री जेवताना बाबाही म्हणाले, "तो एक बॉल धरला असतास तर एवढा घोर लागला नसता जिवाला." आणि मी, सोळा वर्षांची, मला काय कळत होतं पण मीसुद्धा म्हटलं, हो ना दादा, किती सोपा होता तो. ते वाक्य मला अजून आठवतं, शब्द न् शब्द. दादा काही बोलला नाही, ताट घेऊन उठला. पुढच्या सीझनला टीमने बाहेरगावचा कीपर आणला. दादा खाणीवर वजनकाट्यावर कामाला लागला आणि नंतर कधी कुठल्या टीमसाठी उतरला नाही. ते दोन अडवलेले बॉल कोणाला आठवत नाहीत, निसटलेला मात्र परवापरवापर्यंत लोक काढायचे, तोही मायेने, चेष्टेत, चहा पिता पिता. आपली माणसंच होती ना सगळी. परक्या गावाने टाळ्या वाजवल्या होत्या.

२० डिसेंबर २०१५ ला आम्ही दोघं फातोर्ड्यात होतो, आयएसएलची, म्हणजे इंडियन सुपर लीगची फायनल, एफसी गोवा आणि चेन्नईयन. ८७ व्या मिनिटाला आपण २-१ ने पुढे गेलो, स्टेडियममध्ये माणसं एकमेकांच्या गळ्यात पडत होती. ९० व्या मिनिटाला आपला गोलकीपर लक्ष्मीकांत कट्टीमणी, त्याच्या नावावर स्वयंगोल. दोन मिनिटांनी चेन्नईयनच्या मेंडोझाचा गोल. ३-२. बाहेर पडताना गर्दीत लोक त्या पोराला जे जे बोलत होते ते मी इथे लिहू शकत नाही, आणि तो गोव्याचाच, आपलाच. पार्किंगपासून फोंड्यापर्यंत दादा एक शब्द बोलला नाही, फोंड्याला गाडी थांबवून चहा घेतला तेव्हा म्हणाला, "आज रात्री त्याच्या घरी तरी कोणी काही बोलू नये." मला माझं ते जेवतानाचं वाक्य तिथे त्या चहाच्या टपरीवर असं समोर येऊन उभं राहिलं की चहा गिळवेना.

आणि मग २० मार्च २०२२. तेच फातोर्डा. कट्टीमणी आता हैदराबादकडून, समोर केरळा ब्लास्टर्स, स्टेडियम अख्खं पिवळं झालेलं. १-१, मग पेनल्टी शूटआउट, आणि याने तीन पेनल्टी अडवल्या. तीन! हैदराबाद चॅम्पियन. आम्ही घरी टीव्हीवर बघत होतो, तिसरी अडवली तसा दादा उठून उभा राहिला, हात वर, तसाच, गोलमध्ये उभा असल्यासारखा. ज्यांनी त्याला २०१५ ला शिव्या घातल्या होत्या त्यातले किती जण त्या रात्री म्हणाले असतील की आमचं चुकलं, मला माहीत नाही, माझ्या कानावर तरी एकही आला नाही. उलट एकाने मला सांगितलं, पेनल्टीत काय, नशीब असतं. म्हणजे स्वयंगोल त्याचा आणि तीन पेनल्टी नशिबाच्या.

म्हणून हॉवर्डचं जेव्हा तसंच सुरू झालं तेव्हा मला ते लांबचं अमेरिकेतलं वाटलं नाही.

भाच्याच्या डिपार्टमेंटमध्ये एक वयस्कर टेक्निशियन आहेत, जन्म कोलंबसचा, त्यांनी त्याला जुनी गोष्ट सांगितली क्रेग क्रेन्झेलची. २००२ च्या सीझनचा क्वार्टरबॅक, मॉलिक्युलर जेनेटिक्स शिकणारा पोरगा. ती टीम एकही मॅच हरली नाही, चौदाच्या चौदा, आणि फायनलमध्ये मायामीला डबल ओव्हरटाइममध्ये ३१-२४ ने हरवलं. त्या फायनलमध्ये क्रेन्झेलचे २१ पैकी फक्त ७ पास पोचले, दोन इंटरसेप्शन. आकडे बघितले तर कोणी म्हणेल याला काढा. पण त्याच मॅचमध्ये बॉल घेऊन सगळ्यात जास्त धावला तोच, ८१ यार्ड, दोन टचडाउन स्वतः केले. आणि त्याआधी पर्ड्यूविरुद्ध हरत असताना चौथ्या प्रयत्नात, एकच यार्ड हवा होता, सगळ्यांना वाटलं सरळ घुसणार, याने ३७ यार्ड लांब फेकून टचडाउन करून मॅच काढली. ते काका म्हणाले मी तेव्हा स्टँडमध्ये बसून त्याला नावं ठेवायचो, आज माझ्या गॅरेजमध्ये त्याचा फोटो आहे. मला त्यांचं कौतुक वाटलं, कारण त्यांनी पहिलं वाक्य गाळलं नाही.

सगळीकडेच आहे हे. जॉर्जियाचा स्टेट्सन बेनेट, स्कॉलरशिपशिवाय टीममध्ये शिरलेला, त्याच्याऐवजी दुसऱ्याला खेळवा म्हणून २०२१ चा अख्खा सीझन लोक मागे लागलेले, त्याने त्यांना ४१ वर्षांनी चॅम्पियनशिप दिली आणि पुढच्या वर्षी परत दिली, फायनलमध्ये ६५-७. तरी काही जणांचं चालूच, डिफेन्स होता म्हणून.

हॉवर्डकडे परत येते. मिशिगनकडून हरूनही ओहायो स्टेटला प्लेऑफमध्ये, म्हणजे चॅम्पियनशिपच्या बाद फेऱ्यांत, जागा मिळाली कारण त्याच वर्षीपासून बारा टीम्स घ्यायला लागले, यांना आठवं सीडिंग. पहिली मॅच टेनेसीशी, घरीच, आणि स्टेडियममध्ये जिकडे तिकडे टेनेसीचे नारंगी कपडे, कारण यांच्या लोकांनी रागाने आपली तिकिटं विकून टाकलेली. हे मला फार वाईट वाटलं. हरल्यावर चिडणं मी समजू शकते, मी स्वतः फातोर्ड्याहून रडत आलेय, पण आपली खुर्ची समोरच्याला विकायची? त्या पोराने ४२-१७ ने जिंकून दाखवलं. मग 'रोज बोल' नावाच्या मॅचमध्ये तेच ऑरेगन, ४१-२१, पहिल्या हाफमध्येच ३४-० होतं. आमच्याकडे पहाटेचे साडेतीन-चार, नवीन वर्षाची दोन तारीख, वहिनी उठून आली आणि म्हणाली तुम्ही दोघं वेडे झालाय का. मग टेक्सास २८-१४.

आणि फायनल, २१ जानेवारी, आपल्याकडे सकाळी सहा. नोत्र दामविरुद्ध, अटलांटाला. पाववाल्या पोदेराची पों पों ऐकू आली तेव्हा हॉवर्डचे पहिले पाच-सहा पास पोचलेले होते आणि उंडे पाव घेऊन मी परत आले तरी एकही चुकलेला नव्हता. पहिले तेराच्या तेरा पोचले. ३१-७ झालं. मग समोरच्यांनी दोन टचडाउन चढवले, दोन्हीवर जादा दोन दोन गुण घेतले, ३१-२३. तीनेक मिनिटं राहिलेली, बॉल आपल्याच बाजूला, तिसरा प्रयत्न, अकरा यार्ड हवेत. आता जर बॉल द्यावा लागला तर ते येऊन बरोबरी करू शकतात. कोणीही म्हणेल इथे पळा, घड्याळ संपवा, गेम मॅनेज करा. याने फेकला लांब, जेरेमाया स्मिथकडे, ५६ यार्ड. दादाच्या हातातला चहा लादीवर सांडला. मग किक मारायला आला तोच किकर, मिशिगनला दोन चुकवलेला, आणि त्याने मारली. ३४-२३. हॉवर्डचे २१ पैकी १७ पास, २३१ यार्ड, दोन टचडाउन, ऑफेन्सचा मोस्ट व्हॅल्युएबल प्लेयर.

भाचा फोनवर ओरडत होता, मागे सगळी पोरं ओरडत होती. दादाने एवढंच विचारलं, "तो किकर काय करतोय बघ, दाखव." भाच्याने फोन जवळ नेला पण कॅमेरा दुसरीकडे गेलेला.

आता ड्राफ्टनंतर जे म्हणतात ना, टीमच इतकी तगडी होती की कोणीही जिंकला असता, त्याला आधार आहे, मी नाकारत नाही. या ड्राफ्टमध्ये ओहायो स्टेटचे १४ खेळाडू गेले, चार तर पहिल्याच फेरीत. दोन कोटी डॉलरच्या आसपास खर्च केला होता त्या टीमवर, हे त्यांच्याच अधिकाऱ्यांनी सांगितलेलं. आणि पोरांना आता पैसे मिळतात म्हणून लोकांना वाटतं की बोलायचा हक्क मिळाला. पण मग कोणीही जिंकला असता तर आदल्या वर्षी का नाही जिंकले? मार्विन हॅरिसन ज्युनियरसारखा पास झेलणारा होता ना तेव्हा. चौदा जणांतल्या बऱ्याच जणांनी याआधी तीन तीन वेळा मिशिगनकडून हार खाल्ली होती, तेव्हा ते तगडे नव्हते का? आणि तीच तगडी टीम ३० नोव्हेंबरला दहा गुण करू शकली, तेव्हा मात्र तो एकटा हॉवर्ड. एक काहीतरी ठरवा. टीममुळे जिंकतो तर टीममुळेच हरतो, किंवा तो हरवतो तर तोच जिंकवतो.

मला विचाराल तर मी क्वार्टरबॅकचं पुढचं बघते. इंटरसेप्शन झाल्यावर पुढच्या वेळी बॉल हातात आला की तो काय करतो. घाबरून जवळ जवळ फेकतो का, का रागाने उगाच लांब, का जे आधी करायचं होतं तेच शांतपणे करतो. पेन स्टेटला बघितलं मी ते, दोन मोठ्या चुकांनंतरचं. दादा आणखी वेगळं बघतो, तो म्हणतो बॉल यायच्या आधी हा समोर बघून हाताने खुणा करून माणसं हलवतो, ते बघ, निम्मं काम तिथे झालं. गोलकीपर उभा कुठे राहिला त्यावर स्ट्रायकर मारत नाही तो शॉट, आणि जो शॉट मारलाच नाही तो कोणाच्या हिशोबात येत नाही. त्याने हे मला पहिल्यांदा सांगितलं ते या वर्षी, एका अमेरिकन पोराबद्दल बोलताना. तीस वर्षं एकाच गावात राहतोय आम्ही.

भाचा मे महिन्याच्या मध्यावर येतोय, परीक्षा संपल्या की. वहिनीने यादी केलीय काय काय करायचं त्याची, मानकुराद आंबे ठेवायला सांगितलेत. दादाला त्याने विचारलं बाबा काय आणू, जर्सी आणू का, चॅम्पियनशिपची टोपी मिळते. दादा म्हणाला नको, ती मिशिगनची मॅच आण, अख्खी, आपली लाईट गेलेली ना. भाचा म्हणाला बाबा फायनल बघूया ना परत, ती कशाला, हरलेली. दादा म्हणाला, "ते पहिलं इंटरसेप्शन मला बघायचंय. फेकताना तो बघत कुठे होता, आणि मग पुढच्या वेळेला कुठे बघितलं."

मीही थांबणार आहे त्या संध्याकाळी, जेवणाआधी, बाबांच्या त्याच जुन्या टेबलाशी, आणि दादा जे दाखवेल ते बघणार आहे.